फॅरेडेची वही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या थोरल्या बहिणीची नात चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. येताना तिनं दोन जर्नल्स आणली होती. एक तिचं स्वतःचं, जवळजवळ कोरं. दुसरं आदल्या वर्षीच्या कुणा मुलीचं, पूर्ण भरलेलं आणि पानोपानी सह्या असलेलं. फराळाची ताटली शेजारी ठेवून तीन दुपारींत तिनं एकातलं दुसऱ्यात उतरवून काढलं. ब्युरेटची रीडिंग्ज आली की मात्र ती क्षणभर थांबायची आणि शेवटचा आकडा किंचित बदलायची. १४.३ चे १४.४ व्हायचे. हे सगळं माझ्यासमोर बसून, अगदी निर्मळ मनानं चाललं होतं. सगळेच असं करतात, हे तिला जितकं ठाऊक होतं तितकंच मलाही.

मी तिला काही बोललो नाही. तो अधिकार मला नव्हता.

१९७९ साली शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मला टायट्रेशन आलं होतं. तीनदा करायचं आणि तिन्ही रीडिंग्ज जुळायला हवीत. माझी जुळेनात. आज कळतं, की ब्युरेट नीट धुतलेली नव्हती आणि रंग बदलण्याच्या नेमक्या क्षणी माझ्या हाताला घाई होती. त्या दिवशी घड्याळाकडे बघण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. द्रावण साधारण किती तीव्रतेचं आहे, याची कुणकुण मुलांमध्ये आधीच पसरली होती. मी गणित उलटं मांडलं. उत्तर धरून रीडिंग काढलं आणि तीन ओळी लिहिल्या : १९.८, १९.८, १९.८. गुण उत्तम पडले. पुढं बँकेच्या परीक्षेला बसलो, निवड झाली आणि ब्युरेटला पुन्हा कधी हात लावला नाही.

बँकेत पहिल्याच महिन्यात लेजरमधला एक आकडा चुकला, तो मी ब्लेडनं हलकेच खरवडून दुरुस्त केला. आमच्या हेडक्लार्कनं मला जवळ बसवून घेतलं आणि शिकवलं : चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही करायची. चूक झाली याची लाज नाही. ती दिसेनाशी केली, तर आहे. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी शिकलो त्यातली ही सर्वांत मोलाची गोष्ट. ती खरं म्हणजे मी प्रयोगशाळेतच शिकायला हवी होती. ही जाणीव पक्की झाली ती निवृत्तीनंतर, मायकेल फॅरेडेची चरित्रं आणि त्याच्या प्रयोगांची डायरी वाचताना.

फॅरेडे म्हटलं की आपल्याला वीज आठवते. शाळेच्या पुस्तकातलं तारेचं वेटोळं, त्यात आत-बाहेर सरकणारा लोहचुंबक आणि हलणारा काटा. पण हा माणूस मुळात रसायनशास्त्रज्ञ होता आणि त्याहीआधी पुस्तकं बांधणारा कारागीर होता. त्याच्याकडे पदवी नव्हती. गणित जवळजवळ येत नव्हतं. स्मरणशक्ती तर इतकी दुबळी, की तरुणपणापासून तो तिच्या नावानं कुरकुरत असे. या तीन उणिवा घेऊन तो एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा प्रयोगकर्ता कसा झाला, हे पाहण्यासारखं आहे. विशेषतः ज्यांना आपण हुशार नाही असं वाटतं, त्या मुलांनी.

त्याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथला. बाप जेम्स हा लोहार; उत्तर इंग्लंडमधून पोटासाठी आलेला, प्रकृतीनं खचलेला. १८०१ साली धान्य कडाडलं, तेव्हा या घराला सरकारी मदतीवर राहावं लागलं. त्या दिवसांत लहान मायकेलला आठवड्याला एक पाव मिळायचा आणि तो त्यानं आठवडाभर पुरवायचा. मोजूनमापून वापरणं ही गोष्ट तो तराजूच्याही आधी पावाकडून शिकला असावा, असं मला वाटतं.

शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरतं आणि थोड्या हिशेबापुरतं. तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. गिऱ्हाइकांना वर्तमानपत्रं वाचायला नेऊन द्यायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे काम. वर्षभरानं, १८०५ मध्ये, रिबोनं त्याला पुस्तकबांधणी शिकायला सात वर्षांसाठी ठेवून घेतलं, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याबद्दल जे पैसे घ्यायचे ते घेतले नाहीत. मुलगा इमानी आहे, एवढं पुरे होतं.

बांधायला आलेली पुस्तकं हा मुलगा वाचू लागला. एका ज्ञानकोशाच्या खंडातला विजेवरचा लेख त्यानं असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेलं, संवादरूपानं रसायनशास्त्र समजावणारं पुस्तक त्याच्या हाती आलं. वाचनाची त्याची एक खोड होती. पुस्तकात लिहिलंय म्हणून ते खरं, असं तो मानत नसे. परवडतील तेवढे प्रयोग तो स्वतः करून बघे. काचेच्या बाटलीपासून त्यानं विजेचं एक छोटं यंत्र बनवलं. मार्सेटबाईंची विधानं त्यानं अशी पारखून घेतली, ती खरी निघाली, आणि मग त्या पुस्तकाला जन्मभर मानलं. पुढं नावारूपाला आल्यावर आपले निबंध तो त्यांना आठवणीनं पाठवत असे.

अभ्यास कसा करावा, हे त्याला आयझॅक वॉट्स या अठराव्या शतकातल्या धर्मोपदेशकाच्या एका पुस्तकानं शिकवलं. वॉट्सचा सल्ला साधा होता : वाचलेलं टिपून ठेवा, व्याख्यानांना जा, समानशील मित्राशी पत्रव्यवहार करा, मंडळ करून चर्चा करा आणि शब्द जपून वापरा. आपण असले सल्ले वाचतो आणि विसरतो. फॅरेडेनं ते पाचही पाळले. १८०९ पासून तो टिपणवही ठेवू लागला. १८१० पासून जॉन टेटम या चांदीकाम करणाऱ्या गृहस्थाच्या घरी होणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांना जाऊ लागला. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडे. तो थोरला भाऊ रॉबर्ट देई. हा भाऊही वडिलांसारखाच लोहार. तिथं जमणाऱ्या तरुणांच्या मंडळात फॅरेडे सामील झाला. बेंजामिन ॲबट नावाच्या मित्राशी लांबलचक पत्रव्यवहार सुरू केला. टिपणांत उपकरणांची चित्रं नीट काढता यावीत म्हणून, रिबोच्या घरी राहणाऱ्या मास्केरिए या फ्रेंच चित्रकाराकडून तो यथादर्शन चित्रकला शिकला, आणि मोबदला म्हणून त्याची खोली झाडून बूट पुसून देऊ लागला.

व्याख्यान टिपण्याची त्याची रीत आजच्या मुलांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. गुडघ्यावर छोटी वही. व्याख्यान चालू असताना फक्त नेमके शब्द उतरवायचे : प्रयोगाचं नाव, पदार्थाचं नाव, मुद्दा बदलला तर त्याची खूण. घरी आल्यावर त्यावरून त्याच क्रमानं दुसरं टिपण करायचं, जास्त भरघोस आणि वाचता येईल असं. मग दोन्ही समोर ठेवून तिसऱ्यांदा संपूर्ण व्याख्यान लिहून काढायचं. दुसऱ्या फेरीत जिथं अडलं, तिथं आपल्याला कळलेलं नाही हे कळतं. पहिल्यांदाच सगळं उतरवून घेणाऱ्याला ही सोय नसते. त्याचा हात चालतो आणि डोकं झोपतं.

१८१२ च्या सुरुवातीला दुकानातल्या विल्यम डान्स या गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्हीच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही तेव्हा इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला रसायनशास्त्रज्ञ. सोडियम, पोटॅशियम त्यानं वेगळे काढलेले. हा वीस वर्षांचा कारागीर वरच्या सज्जात घड्याळाच्या माथ्यावरच्या जागेत बसला आणि टिपत राहिला. घरी तीनदा लिहून, चित्रं काढून त्यानं सुमारे ३०० पानांचा ग्रंथ तयार केला आणि आपल्या हातांनी बांधला. डिसेंबरमध्ये तो डेव्हीकडे पाठवला, सोबत नोकरीची विनंती. त्याआधी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना असंच पत्र पाठवून तो पहारेकऱ्याकडून कोरा नकार घेऊन परतला होता. डेव्हीनं मात्र उत्तर दिलं, भेटीला बोलावलं आणि पुस्तकबांधणी सोडू नकोस, असा सल्ला दिला. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीपायी काढून टाकावं लागलं, तेव्हा डेव्हीला हा मुलगा आठवला. मार्च १८१३ मध्ये फॅरेडे कामावर रुजू झाला. आठवड्याला २५ शिलिंग, माडीवरच्या दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या.

काम कसलं, तर भांडी घासणं, भट्टी पेटवणं, व्याख्यानाची मांडणी करणं. आणि स्फोट. डेव्ही तेव्हा नायट्रोजन आणि क्लोरीन यांच्या एका भयंकर संयुगाच्या मागं लागला होता. त्यानं आदल्या वर्षी त्याच्या डोळ्यांना इजा केलीच होती. आता दोघंही काचेचे मुखवटे घालून काम करत. एकदा फॅरेडेच्या अंगठा आणि बोटाच्या चिमटीतली नळीच उडाली. हात फेकला गेला आणि नखाचा तुकडा गेला. ॲबटला पाठवलेल्या पत्रात त्यानं हे सारं शांतपणे सांगितलं आहे : पदार्थ किती होता, नळी कशी धरली होती, मुखवट्याचं काय झालं. अपघाताकडेही प्रयोग म्हणून पाहण्याची सवय ही अशी लवकर लागली.

ऑक्टोबर १८१३ मध्ये डेव्ही सपत्नीक युरोपच्या दौऱ्यावर निघाला. फॅरेडे सोबत गेला, साहाय्यक म्हणून. पण डेव्हीचा खासगी नोकर ऐनवेळी आला नाही, म्हणून ते कामही त्याच्यावर पडलं. डेव्हीच्या बायकोनं त्याला नोकरासारखंच वागवलं. दीड वर्ष त्यानं हे सोसलं, कारण दुसऱ्या बाजूला विद्यापीठ उघडं होतं. पॅरिसमध्ये डेव्ही एका नव्या, जांभळ्या वाफेच्या पदार्थाची परीक्षा हॉटेलात बसून करताना त्यानं पाहिला. तो पदार्थ म्हणजे आयोडीन. फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगानं सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला गेला, तेव्हा तो हजर होता. मिलानमध्ये त्यानं म्हाताऱ्या व्होल्टाला पाहिलं. हे सगळं त्याच्या रोजनिशीत आहे.

परतल्यावर तो हळूहळू स्वतःच्या पायांवर उभा राहिला. १८२१ च्या सप्टेंबरमध्ये त्यानं विजेच्या तारेला चुंबकाभोवती गोल गोल फिरवून दाखवलं. आजच्या मोटारीचं ते बीज. त्यानं घाईनं निबंध छापला आणि त्यात विल्यम वोलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचा उल्लेख राहून गेला. वोलस्टननं याच विषयावर आधी विचार केला होता, जरी त्याची कल्पना वेगळी होती. तार स्वतःभोवतीच फिरेल, असं त्याला वाटत होतं. लगेच कुजबूज सुरू झाली, की लोहाराच्या पोरानं दुसऱ्याची कल्पना चोरली. ज्याचं सारं भांडवल सचोटी हेच, त्याच्यावर असा आळ यावा! तो वोलस्टनला जाऊन भेटला, खुलासा केला. पण हा डाग पुसायला वेळ लागला. १८२४ मध्ये तो रॉयल सोसायटीवर निवडला गेला, तेव्हा अध्यक्षपदी असलेला डेव्ही स्वतः विरोधात होता, आणि मतपेटीत एक काळी गोटी निघाली.

त्याच सुमाराची एक गोष्ट मला फार आवडते. १८२३ च्या मार्चमध्ये फॅरेडे क्लोरीनचे स्फटिक बंद काचनळीत तापवत होता. डेव्हीचे स्नेही डॉक्टर पॅरिस सहज डोकावले. त्यांना नळीत तेलकट काहीतरी दिसलं. घाणेरड्या नळ्या वापरतोस, म्हणून त्यांनी त्याची थट्टा केली. आपण असतो तर ओशाळून नळी बदलली असती. फॅरेडेला आपली नळी स्वच्छ होती, हे ठाऊक होतं. त्यानं नळी फोडून पाहिलं, ते तेल एकदम वायू होऊन उडालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना छोटीशी चिठ्ठी गेली, की काल दिसलेलं तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन होतं. भांडी घासण्याला जे हलकं काम समजतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. नळी खरोखर अस्वच्छ असण्याची शक्यता मनात असती, तर तो शोध कचऱ्यात गेला असता. याच प्रयोगांत आणखी एक नळी फुटली आणि त्याच्या डोळ्यांत काचेचे तेरा कण गेले. सुदैवानं दृष्टी वाचली.

१८२४ मध्ये हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी त्यानं रबराच्या दोन पातळ चकत्या कडांना दाबून जोडल्या. आतून चिकटू नयेत म्हणून पीठ भुरभुरलं. हे रबरी फुगे. जत्रेतल्या फुग्याचा पूर्वज हा असा प्रयोगशाळेत जन्मला. १८२५ मध्ये दिव्याच्या गॅसच्या टाक्यांत साठणाऱ्या तेलातून, पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन करून, गोठवून आणि दाबून त्यानं एक नवा पदार्थ वेगळा केला. तोच बेंझीन. पुढच्या रंगांच्या, औषधांच्या कितीतरी कारखान्यांचा पाया त्यावर उभा राहिला.

आणि १८२७ मध्ये आलं त्याचं पुस्तक, 'केमिकल मॅनिप्युलेशन'. त्याच्या नावावरची बाकीची पुस्तकं म्हणजे निबंधांचे संग्रह किंवा दुसऱ्यांनी उतरवून घेतलेली व्याख्यानं. ग्रंथ म्हणून बसून लिहिला, तो हा एवढाच. सहाशेहून अधिक पानं, आणि त्यात सिद्धान्त जवळजवळ नाही. वजन कसं करावं, तराजू कसा पारखावा, गाळावं कसं, आटवावं कसं, काचनळी ज्योतीवर कशी वाकवावी, बूच कसं बसवावं, सांधा कशानं लिंपावा. एक प्रकरण तर साध्या काचनळ्यांतच सगळे प्रयोग कसे उरकावेत यावर आहे. ज्याच्यापाशी महागडी उपकरणं नाहीत, त्याच्यासाठी ते लिहिलंय. लिहिणारा कधीकाळी बाटलीचं यंत्र बनवणारा पोऱ्या होता, हे तिथं जाणवतं.

त्या पुस्तकात प्रयोगशाळेच्या वहीविषयी थोडक्या ओळी आहेत. त्या वाचताना मी पुस्तक मिटून बसलो. त्याचं सांगणं असं : वही, दौत आणि लेखणी कायम हाताशी असावी. नोंदवण्याजोगं जे घडेल ते घडत असतानाच लिहावं, वस्तू डोळ्यांसमोर आहे तोवर. म्हणजे शंका आली तर पुन्हा तपासता येतं. दिवसअखेर सावकाश लिहू म्हणून थांबणं ही वाईट खोड आहे. कारण मग काय आधी घडलं आणि काय नंतर, हे नीट आठवत नाही. बँकेत आम्ही व्हाउचर समोर असतानाच एंट्री करायचो, त्यामागचं कारण हेच. दिवसअखेर आठवून लिहिलेलं लेजर कधी टॅली होत नाही. झालं, तर जास्त संशय येतो.

त्यानं हे लोकांना सांगितलं आणि स्वतः चाळीसहून अधिक वर्षं केलं. प्रयोगांच्या नोंदी तो १८२० पासून ठेवत होता. २९ ऑगस्ट १८३१ च्या पानावर एका लोखंडी कड्याचं छोटं चित्र आहे. त्यावर दोन बाजूंना तारेची वेटोळी. एका बाजूला बॅटरी जोडली की दुसऱ्या बाजूचा काटा हलतो आणि स्थिरावतो; तोडली की पुन्हा हलतो. जगातलं प्रत्येक वीजकेंद्र या नोंदीचं देणं लागतं. पण पानावर कसलाही जल्लोष नाही. काय जोडलं, काय दिसलं, एवढंच. १८३२ पासून त्यानं परिच्छेदांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. १८६० मध्ये तो क्रमांक १६,०४१ वर पोचला होता. म्हणजे अठ्ठावीस वर्षं एकच चालू खातं, मधलं पान न फाडता. १९३२ ते १९३६ या काळात ही डायरी सात खंडांत छापली गेली.

एवढे क्रमांक कशाला, असं एखाद्याला वाटेल. त्याला गरज होती. चाळिशीच्या शेवटी त्याची प्रकृती ढासळली. चक्कर, डोकेदुखी, आणि आधीच अधू असलेली स्मृती आणखी विरत गेली. १८४१ मध्ये विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला जाऊन राहावं लागलं. पुढं एकदा त्यानं कित्येक आठवडे खपून काही निष्कर्ष काढले, आणि वही चाळताना दिसलं, की हेच सारं आपण काही महिन्यांपूर्वी करून लिहून ठेवलंय. दुसरा कुणी खचला असता. त्याच्याकडे वही होती. कुठल्या क्रमांकाला काय, हे सापडत होतं. डोक्यात राहत नव्हतं ते कागदावर राहत होतं, आणि कागदावरचं खरं आहे याबद्दल त्याला स्वतःविषयी खात्री होती. आपणच आपल्या वहीत खोटं लिहून ठेवलं असतं, तर विसरल्यानंतर कशावर विसंबायचं?

त्या वहीत अपयशं भरपूर आहेत. १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं दुर्बिणींसाठी उत्तम काच बनवण्याचं सरकारी काम अंगावर घेतलं. अँडरसन नावाचा निवृत्त सार्जंट भट्टीवर मदतनीस होता. घरी जा म्हणायचं राहून गेलं, म्हणून हा पठ्ठ्या रात्रभर भट्टी पेटती ठेवत राहिला, अशी त्याची गोष्ट सांगतात. काही वर्षं घालवूनही दुर्बिणींना त्या काचेचा फारसा उपयोग झाला नाही. पण काचेचे तुकडे जपून ठेवलेले होते आणि नोंदीही. १३ सप्टेंबर १८४५ ला, इतर पदार्थांनी दाद दिली नाही तेव्हा, त्यानं तीच जड काच चुंबकाच्या ध्रुवांपाशी ठेवली आणि तिच्यातून जाणारा प्रकाश वळलेला पाहिला. चुंबकाचा प्रकाशाशी संबंध आहे, हे माणसाला प्रथमच कळलं.

मधल्या काळात मानमरातब आले आणि त्यानं ते बाजूला सारले. सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं. लंडनच्या नव्या विद्यापीठानं १८२७ मध्ये देऊ केलेली प्राध्यापकीही त्यानं घेतली नव्हती. मुलांसाठी नाताळात व्याख्यानं देणं मात्र सोडलं नाही. अशा एकोणीस मालिका त्यानं दिल्या. त्यातली मेणबत्तीवरची सहा व्याख्यानं १८६१ मध्ये पुस्तकरूपानं आली आणि अजून वाचली जातात. अख्खं रसायनशास्त्र एका मेणबत्तीच्या उजेडात दाखवणारा हा माणूस. पगारात मिळालेल्या मेणबत्त्यांचं त्यानं असं सोनं केलं.

१२ मार्च १८६२. वय सत्तर. स्मृती जवळजवळ गेलेली. त्या दिवशी त्यानं चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ज्योत ठेवली, तिच्यात सोडियमसारखे पदार्थ घातले आणि त्यांच्या प्रकाशातल्या रेषा चुंबकामुळं हलतात का, बदलतात का, हे पाहिलं. काही बदल दिसला नाही. त्यानं तसं लिहिलं. डायरीतला हा त्याचा शेवटचा प्रयोग. बदल व्हायला हवा अशी त्याची मनातून खात्री होती, म्हणूनच तर तो प्रयोग केला होता. पण वहीत मनातलं लिहायचं नसतं, दिसलेलं लिहायचं असतं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट इथल्या घरात, खुर्चीत बसल्या बसल्या, तो गेला.

त्यानंतर एकोणतीस वर्षांनी हॉलंडमधल्या लायडनमध्ये पीटर झेमन या तरुणाला या फसलेल्या प्रयोगाची हकिकत वाचायला मिळाली. फॅरेडेला जे करून पाहावंसं वाटलं, ते आज जास्त चांगल्या उपकरणांनी पुन्हा करून पाहण्याजोगं आहे, असं त्याला वाटलं. १८९६ मध्ये त्यानं ते केलं. रेषा रुंदावलेल्या दिसल्या. १९०२ मध्ये लोरेंट्झ यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. फॅरेडेची उपकरणं कमी पडली होती, एवढंच. आता समजा, त्या थकलेल्या म्हाताऱ्यानं, उत्तर ठाऊकच आहे म्हणून, वहीत हलकासा बदल दिसला असं लिहून टाकलं असतं. उत्तर बरोबर ठरलं असतं. नोंद मात्र खोटी ठरली असती, आणि तिच्याबरोबर आधीच्या १६,०४१ नोंदींवरचा विश्वासही डळमळला असता.

माझं १९.८ हे उत्तरही बरोबरच होतं.

दिवाळीत मी माझ्या नातीला काही बोललो नाही, पण बोलायला हवं होतं असं आता वाटतं. एकट्या तिला दोष देण्यात अर्थ नाही. तीन रीडिंग्ज जुळली तरच गुण, अशी व्यवस्था असेल तर मुलं ती जुळवणारच. न जुळलेली रीडिंग्ज तशीच लिहून, ती का जुळली नाहीत हे सांगणाऱ्या मुलाला आपण किती गुण देतो, हा प्रश्न मोठ्यांनी स्वतःला विचारायचा आहे. ब्युरेट अस्वच्छ होती, हात घाईत होता, एवढं लिहिता येणं हेही रसायनशास्त्रच आहे. कदाचित तेच जास्त.

हा लेख छापून आला की त्याचं कात्रण तिला पाठवणार आहे. त्यात एक जुनी दुरुस्ती करायची राहिली आहे. १९.८ या तीन आकड्यांवर मी आज एकेक रेघ मारतो, खालचं वाचता येईल अशी. खरी रीडिंग्ज होती १८.६, १९.३ आणि १८.९. इतक्या वर्षांनी आठवून लिहिलेल्या आकड्यांना फॅरेडेच्या नियमानं पुरावा म्हणून काही किंमत नाही, हे मला कळतं. ते त्याच वेळी, त्या ओल्या टेबलावर, समोर दिसत होते तेव्हाच लिहायला हवे होते.